संगणकावरची विंटेज रेसकार: नियमावली हातात आल्यापासून फाईल पाठवेपर्यंत

संगणकावर गाडी बांधायच्या स्पर्धांच्या काही फेऱ्यांमध्ये स्पर्धकांनी पाठवलेल्या गाड्यांच्या फाईली उघडून तपासायचं काम माझ्याकडे होतं. तिथे एक गोष्ट चांगलीच डोक्यात बसली. हळू गाडी बाद होत नाही, फार तर शेवटून पहिली येते. बाद होते ती इंजिनाचं वर्ष चुकलेली, किंवा इंजिनाचं आकारमान २००० सीसीच्या मर्यादेच्या वर दोनच सीसी गेलेली. आणि जी बाद होत नाही पण मागे पडते, तिच्यात नव्वद टक्के मेहनत इंजिनावर गेलेली असते आणि टायर शेवटच्या पाच मिनिटांत निवडलेले असतात.

हा लेख या दोन चुकांसाठी आहे. उदाहरणं ‘ऑटोमेशन’ या गेममधली आहेत, कारण इंजिन आणि गाडी दोन्ही शून्यापासून बांधायच्या स्पर्धा तिथे बऱ्याच चालतात: आयोजक वर्ष आणि अटी देतो, आपण गाडीची फाईल पाठवतो, शर्यत तो चालवतो. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

बोलायला सोपं पडावं म्हणून एक काल्पनिक नियमावली धरू: वर्ष १९५५, दोन आसनी उघडी स्पोर्ट्स रेसर, कमाल २००० सीसी, सुपरचार्जर (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंप) नाही, मागच्या चाकांना ताकद, खर्चावर मर्यादा.

टप्पा १: गेम उघडू नका, कागद घ्या

नियमावली दोनदा वाचा आणि तिसऱ्यांदा वाचताना तीन रकाने पाडा. पहिल्यात ‘चालणारच नाही’ अशा गोष्टी: सुपरचार्जर, ठरावीक चॅसी (गाडीचा सांगाडा), ठरावीक साहित्य. दुसऱ्यात आकडे: सीसी, वजन, टायरची रुंदी, खर्च, आवाज, इंधनाचा ऑक्टेन, क्वालिटी स्लायडरची (प्रत्येक भागाचा दर्जा कमी-जास्त करायची गेममधली पट्टी) मर्यादा. तिसऱ्यात गुण कशाला आहेत ते. हा तिसरा रकाना बहुतेक जण भरतच नाहीत.

गुण कशाला आहेत हे शर्यत कशी चालणार त्यावर ठरतं. साधारण तीन पद्धती दिसतात. पहिलीत आयोजक गेममधल्याच टेस्ट ट्रॅकचा लॅप टाइम घेतो. तिथे चालक कधी चुकत नाही, त्यामुळे गाडी थोडी बिनसलेली असली तरी चालून जाते. दुसरीत गाडी बीमएनजी या गाड्या चालवायच्या दुसऱ्या गेममध्ये नेऊन संगणक-चालकाच्या हाती देतात. तिथे शेपूट फेकणारी, म्हणजे वळणावर मागची चाकं घसरणारी गाडी तिसऱ्या वळणावर भिंतीत जाते, मग कागदावर ती कितीही वेगवान असो. तिसरीत आयोजकाची स्वतःची तक्त्याची फाईल असते. तिच्यात लॅप टाइमबरोबर भरवशाचे, चालवायला सोपेपणाचे आणि इंधनाचे आकडे मिसळून निकाल निघतो. एकाच नियमावलीसाठी या तिन्ही पद्धतींत तीन वेगळ्या गाड्या बांधाव्या लागतात.

नियमांत संदिग्ध वाक्य दिसलं तर आत्ताच विचारा. ‘लिहिलेलं नव्हतं’ हा बचाव तपासणीत टिकत नाही.

तपासा: गेमची कोणती आवृत्ती चालणार आहे? स्थिर आवृत्ती आणि बीटा शाखा (चाचणीतली नवी आवृत्ती) यांच्या फाईली एकमेकींत नीट उघडतील याची खात्री नसते. चुकीच्या आवृत्तीत बांधलेली गाडी पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते, आणि हे कळतं ते शेवटच्या रात्री.

टप्पा २: चारही वर्षं लावा

सगळ्यात जास्त फाईली इथे पडतात. ऑटोमेशनमध्ये वर्ष एकच नसतं, चार असतात: गाडीच्या मॉडेलचं, ट्रिमचं (त्या मॉडेलची एक विशिष्ट आवृत्ती), इंजिन फॅमिलीचं (इंजिनाची मूळ रचना) आणि इंजिन व्हेरिअंटचं (त्या रचनेतलं एक विशिष्ट इंजिन). तुम्ही ट्रिम १९५५ ला ठेवता. मग इंजिनात हवा तो भाग दिसत नाही म्हणून व्हेरिअंटचं वर्ष जरा पुढे सरकवून बघता, आणि परत मागे आणायला विसरता. एका फेरीत माझीच गाडी अशी बाद झाली होती: ट्रिम बरोबर, व्हेरिअंट तीन वर्षं पुढे. रंगावर दोन संध्याकाळी घातल्या होत्या, त्याही गेल्या.

उलटी चूकही होते. मॉडेल आणि फॅमिली मुद्दाम जुन्या वर्षाच्या ठेवायला काही स्पर्धांत परवानगी असते, कारण जुनी रचना स्वस्त पडते. पण तुम्हाला ती सूट वापरायची नसेल आणि वर्ष नकळत १९४६ वरच राहिलं असेल, तर पर्याय उगाच कमी दिसतात आणि आपण गेमला दोष देत बसतो.

टेक पूलचे (तंत्रज्ञानात किती पुढे आहोत ते ठरवणारे गुण) आकडेही याच वेळी लावा. आयोजकाने दिलेत त्यापेक्षा एक जरी जास्त ठेवला तरी पुढचा सगळा खर्च आणि भरवशाचे आकडे खोटे ठरतात.

सावध: गेम एखादा भाग देतो म्हणून नियम तो देतातच असं नाही, आणि त्या वर्षी एखादं तंत्र होतं म्हणून ते सगळ्यांकडे होतं असंही नाही. जग्वार सी-टाइप १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावून ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, पण १९५५ ची मर्सिडीज ३०० एसएलआर ड्रम ब्रेकवरच धावत होती. ‘त्या काळाला शोभेल असं’ एवढंच वाक्य नियमांत असेल, तर अशी एखादी खरी गाडी पुराव्याला हाताशी ठेवा.

टप्पा ३: बॉडी आणि सांगाडा

बॉडी दिसण्यावरून निवडू नका. आधी व्हीलबेस बघा, मग इंजिनाच्या खोबणीची लांबी-रुंदी, मग वजन, आणि शेवटी रूप. छोट्या बॉडीत सरळ सहा सिलिंडरचं इंजिन मावत नाही हे चॅसी झाल्यावर कळलं, तर तासभर काम वाया.

चॅसीत शिडीसारखी लॅडर फ्रेम स्वस्त आणि जड, नळ्यांची स्पेस फ्रेम हलकी पण महाग आणि बांधायला वेळखाऊ. खर्चाची मर्यादा ढिली असेल तर दुसरा विचार न करता स्पेस फ्रेम घ्या. मर्यादा घट्ट असेल तर दोन्ही बांधून वजनातला फरक लिहून ठेवा आणि तेवढेच पैसे टायर आणि ब्रेकवर घातले तर काय मिळतं ते पाहा. कित्येकदा लॅडर फ्रेम जिंकते.

पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक दोन भुजांवर स्वतंत्र धरणारं सस्पेन्शन) परवडत असेल तर घ्या. मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकसंध आडवा कणा) दिसला की नाक मुरडू नका. या काळाच्या अरुंद टायरवर आणि दीड-पावणेदोनशे अश्वशक्तीवर तो चांगला चालतो, आणि वाचलेले पैसे दुसरीकडे लागतात.

टप्पा ४: आधी टायर, मग ब्रेक, इंजिन नंतर

या लेखातून एकच टप्पा उचलायचा असेल तर हा उचला.

हिशेब अगदी साधा आहे. सपाट वळणावरचा कमाल वेग हा पकड, गुरुत्व आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ असतो. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर पकड ०.८० असेल तर वेग ताशी ७१ किलोमीटरच्या आसपास निघतो. तीच ०.८५ केली तर ७३.५. सव्वादोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हा वेग प्रत्येक वळणावर मिळतो आणि वळणापुढच्या सरळ रस्त्याची सुरुवातही त्याच वेगाने होते. इंजिनात दहा अश्वशक्ती वाढवल्या तर त्यांचा फायदा फक्त सरळ रस्त्यावर, आणि तोही टायर ती ताकद जमिनीवर उतरवू शकले तर.

म्हणून नियमांत बसतील तेवढे रुंद आणि मऊ टायर आधी बसवा. १९५५ ला क्रॉस-प्लाय (आतले धागे तिरके, एकमेकांवर आडवे असलेले) टायर येतील. आजच्या रेडिअल टायरच्या सवयीने त्यांना भरपूर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणं) देऊ नका. क्रॉस-प्लायला कॅम्बर फार सोसत नाही, टायर जवळपास उभाच बरा. पुढे-मागे रुंदी सारखी ठेवून सुरुवात करा. मागचे टायर रुंद केले की गाडी पुढून सरकायला लागते, मग ते झाकायला स्प्रिंग वेड्यावाकड्या कराव्या लागतात.

आता ब्रेक. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. सरळ रस्त्याच्या शेवटी वेग २०० वरून २२० झाला तर ब्रेकला २१ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. ड्रम ब्रेक तापले की ढिले पडतात. एका लॅपच्या चाचणीत हे दिसत नाही, लांब शर्यतीत मात्र गाडी तिथेच हरते. ड्रम असतील तर मोठा व्यास घ्या, ब्रेककडे हवा जाऊ द्या आणि ब्रेक फेडचा आलेख शेवटपर्यंत बघा.

तपासा: पुढची चाकं मागच्यांच्या किंचित आधी लॉक व्हायला हवीत. मागची आधी लॉक होत असतील तर बीमएनजीतला संगणक-चालक पहिल्याच जोरदार ब्रेकला गाडी फिरवून ठेवेल.

टप्पा ५: इंजिन

इथे वेळ जाणारच, पण क्रमाने जाऊ द्या. एक आकडा आधी ठरवा: पिस्टनचा सरासरी वेग. सूत्र सोपं आहे, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) गुणिले दोन, गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), भागिले साठ. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, उत्तर सेकंदाला मीटरमध्ये येतं.

आपल्या नियमावलीसाठी दोन चार-सिलिंडर इंजिनं शेजारी ठेवून बघा. पहिलं बोअर (सिलिंडरचा व्यास) बाय स्ट्रोक ८६ बाय ८६ मिलिमीटर, १९९८ सीसी. दुसरं ९२ बाय ७५, १९९४ सीसी. पहिलं ६५०० वर फिरवलं तर पिस्टनचा वेग १८.६ येतो. दुसरं ७५०० वर फिरवलं तरी १८.७५ च. म्हणजे पिस्टनचा वेग जवळपास तोच ठेवून हजार आरपीएम फुकट मिळाले. शिवाय बोअर मोठा असल्याने व्हॉल्व्हला जागा जास्त. हे काही कागदी स्वप्न नाही. १९५२ आणि १९५३ ला अल्बेर्तो अस्कारीने ग्रां प्री चालकांचं जागतिक विजेतेपद ज्या फेरारी ५०० वर मिळवलं, तिचं दोन लिटरचं इंजिन ९० बाय ७८ चं होतं. उलट टोकाला जग्वारचं ३.४ लिटर एक्सके इंजिन, ८३ बाय १०६: लांब स्ट्रोक, खालून भरपूर टॉर्क (फिरवायचा जोर), आणि ५५०० वरच पिस्टनचा वेग १९ च्या वर.

मग लांब स्ट्रोक वाईट का? नाही. गिअर चारच असतील, ट्रॅक वळणावळणाचा असेल, तर मधला टॉर्क वरच्या ताकदीपेक्षा कामाला येतो. निवड ट्रॅक बघून करा.

आकारमान ठरवताना मर्यादेच्या अगदी काठावर जाऊ नका. १९९४ आणि १९९९ मधला फरक लॅपमध्ये दिसत नाही; २००१ मात्र तपासणीत लगेच दिसतो.

पुढचा क्रम असा ठेवा:

1. ब्लॉक, हेड आणि व्हॉल्व्ह यंत्रणा. ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा हेडमध्येच) महाग आणि जड, पण वरच्या आरपीएमला तोच श्वास घेतो. पुशरॉड (कॅम खाली ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह लांब सळ्यांनी ढकलायचे) घेतलात तर ७५०० चा नाद सोडा, कारण व्हॉल्व्ह तरंगायला लागतात, वेळेवर बंद होत नाहीत.
2. क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन. तिघांची मजबुती एकाच पातळीची हवी. फोर्ज्ड क्रँकवर साधे पिस्टन लावले तर क्रँकचे पैसे पाण्यात.
3. इंधन, आणि मगच कॉम्प्रेशन. नियमांतला ऑक्टेन आधी लावा. नॉकिंगचा (इंधन अवेळी आपोआप पेटण्याचा) इशारा दिसला की कॉम्प्रेशन उतरवा आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) त्यानंतर हलवा. उलट केलंत तर दोन्हीत गोल गोल फिरत बसाल.
4. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट. आधी दोन्ही मोठे लावा, मग ताकद कमी होऊ लागेपर्यंत लहान करत आणा. थांबाल तो आकार योग्य. छोट्यापासून वर जाणारे हमखास मध्येच समाधान मानतात.
5. कॅम प्रोफाइल (व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडायचे ते). हा वरच्या सगळ्यांनंतर, कारण वरची प्रत्येक गोष्ट बदलली की याची योग्य जागा बदलते.
6. रेव्ह लिमिट (इंजिनाचे कमाल फेरे). कमाल ताकद जिथे मिळते त्याच्यावर थोडीशी मोकळीक ठेवा म्हणजे गिअर बदलल्यावर इंजिन ताकदीच्या पट्ट्यात पडेल. त्याहून वर नेलं तर फक्त भरवसा जातो.

नेहमीची चूक: क्वालिटी स्लायडर सगळीकडे समान वाढवणं. हा खर्चाचा खड्डा आहे. आधी सगळे शून्यावर ठेवून इंजिन पूर्ण करा, मग जिथे लाल इशारा येतो तिथेच वाढवा. आणि जिथे काही अडत नाही तिथे उणे करून पैसे वाचवायचा मोह आवरा. तक्त्याने निकाल लावणारे आयोजक भरवशाचा आकडा कमी असेल तर गाडी मध्येच बंद पाडतात.

टप्पा ६: गिअर

हेडरचा (एक्झॉस्टच्या सुरुवातीच्या नळ्या) आकार, कॅमचा कोन यांवर आपण तास घालवतो आणि गिअर मात्र आपोआप मिळालेले ठेवतो. दोन मिनिटांचं गणित करा. टायरचा परीघ दोन मीटर आहे असं धरा. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५५.६ मीटर, म्हणजे चाकाचे मिनिटाला सुमारे १६६७ फेरे. इंजिन तिथे ७००० वर हवं असेल तर एकूण गुणोत्तर (शेवटचा गिअर आणि फायनल ड्राइव्ह मिळून) ४.२.

हे २०० कुठून आले? ट्रॅकच्या सगळ्यात लांब सरळ रस्त्याच्या शेवटी तुमची गाडी खरोखर जो वेग गाठते, तो. गाडीचा सैद्धांतिक कमाल वेग नव्हे. त्या रस्त्याच्या टोकाला शेवटच्या गिअरमध्ये इंजिन रेव्ह लिमिटच्या जरा खाली असेल, तर गिअरिंग बरोबर. चौथा गिअर लागतच नसेल तर तुम्ही तीन गिअरची गाडी चालवताय, चौथ्याचं वजन फुकट वाहताय.

टप्पा ७: सस्पेन्शनचं ट्यूनिंग

प्रीसेटमधला (गेमने दिलेली तयार मांडणी) ‘स्पोर्ट’ किंवा ‘ट्रॅक’ निवडून सुरुवात करायला हरकत नाही, तिथेच थांबायला आहे. उंची, स्प्रिंग, डँपर (स्प्रिंगची उसळी आवरणारा), अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी सळई), कॅम्बर, याच क्रमाने जा. उंची बदलली की स्प्रिंग बदलावी लागते, स्प्रिंग बदलली की डँपर. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक काम दोनदा.

गाडी पुढून सरकत असेल, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही नाक आत येत नसेल, तर पुढचा अँटिरोल बार सैल करा किंवा मागचा घट्ट करा. शेपूट फेकत असेल तर याच्या उलट. थोडंसं पुढून सरकणं ठेवाच, विशेषतः गाडी संगणक-चालक हाकणार असेल तर. गेमच्या आलेखात वेग वाढेल तसं ते शेपूट फेकण्याकडे झुकतंय का ते बघा. कमी वेगाला गोड वाटणारी गाडी वेगवान वळणात उलटा स्वभाव दाखवते, आणि या काळात ती दाबून धरायला मागे विंगही नसतो. ग्रां प्री गाड्यांवर विंग आले ते १९६८ ला. १९५५ च्या गाडीला विंग लावून पाठवणारे अजूनही भेटतात.

टप्पा ८: चाचणीची वही

एका वेळी एकच बदल. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

‘मूळ: २:०४.८. मागचा अँटिरोल एक खूण घट्ट: २:०४.५, ठेवला. अजून एक खूण: २:०४.४, पण वेगवान वळणात आलेख वर, परत घेतला. फायनल ड्राइव्ह ४.२ वरून ४.३५: २:०४.१, ठेवला. पुढचा टायर एक माप अरुंद: २:०५.०, नको.’

यातली ‘अजून एक खूण’ ही नोंद महत्त्वाची. दशांश सेकंद मिळत होता तरी सोडला, कारण ती शर्यत बीमएनजीत होती. वही नसती तर तो दशांश ठेवला असता आणि गाडी कठड्यावर का गेली ते नंतर शोधत बसलो असतो.

प्रत्येक चार-पाच बदलांनंतर गाडीची प्रत वेगळ्या नावाने साठवा. शर्यत बीमएनजीत असेल तर गाडी एक्सपोर्ट करून स्वतः निदान दहा लॅप चालवा, मग संगणक-चालकाला दहा लॅप द्या. पाचव्या लॅपनंतर ब्रेक कसे वागतात ते त्याशिवाय कळत नाही.

टप्पा ९: रूप

दिवे, जाळी, आरसे, नंबरचं वर्तुळ. गुण असतील तेवढाच वेळ द्या. शेकडो फिक्स्चर (बॉडीवर चिकटवायचे सजावटीचे भाग) लावून पृष्ठभाग सजवलात तर एक्सपोर्ट केलेली गाडी जड होते, आणि वीस गाड्यांच्या शर्यतीत आयोजकाचा संगणक रडतो. कूलिंगची जाळी चिकटवली की इंजिनाला हवा मिळाली, असंही समजू नका. हवेचा स्लायडर वेगळा असतो.

टप्पा १०: पाठवण्याआधी आणि पाठवल्यावर

पहिल्या टप्प्यातला कागद काढा आणि प्रत्येक ओळीवर गेममधला आकडा बघून खूण करा, आठवणीतून नाही. चारही वर्षं, सीसी, ऑक्टेन, टायरची रुंदी, वजन, खर्च, टेक पूल. नाव ठेवायचा नमुना दिला असेल तर मॉडेल, ट्रिम, फॅमिली आणि व्हेरिअंट चौघांनाही तसंच नाव द्या. तीस फाईलींत ‘नवीन इंजिन १’ नावाची सात इंजिनं आली की तुमचं कोणतं ते आयोजकाला शोधावं लागतं.

एक्सपोर्ट केलेली फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा, गेममधून ती गाडी बाहेर काढा आणि फाईल परत आत घेऊन उघडा. कधी जुनीच प्रत एक्सपोर्ट झालेली असते. लाल इशारा नाही, लॅप टाइम वहीतल्या शेवटच्या आकड्याशी जुळतो, मग पाठवा. मुदतीच्या दिवशी नाही, दोन दिवस आधी: बऱ्याच स्पर्धांत तपासणीत निघालेली चूक मुदतीच्या आत दुरुस्त करून परत पाठवता येते, मुदतीनंतर नाही.